पन्नास नंबरचं तेल

रविवार, २२ ऑक्टोबर

व्हॅन आली! आधी एवढं लिहून टाकते, बाकीचं नंतर. ही डायरी पेट्रोल कधी भरलं ते टिपायला आणली होती, पण पेट्रोलबद्दल लिहिण्यासारखं असतं तरी काय?

पांढरी आहे. सहा वर्षं एका फुलवाल्याकडे राबली. आत अजून शिळ्या फुलांचा वास येतो आणि दारावर हा एवढा मोठा गुलाब रंगवलेला आहे. आमचे हे म्हणाले, "पुसून टाकू." मी म्हटलं, "राहू द्या. आजारी माणसांना न्यायचंय, दारावर गुलाब असलेला बरा."

काम असं आहे. सोमवार, बुधवार, शुक्रवार पहाटे डायलिसिसच्या पेशंटांना घरून उचलायचं आणि सहाच्या आत हॉस्पिटलात पोचवायचं. साडेसहापर्यंत माणूस आला नाही तर मशीन दुसऱ्याला देतात, आणि याला पुढच्या पाळीपर्यंत अंगातलं पाणी अंगात घेऊन सुजत बसावं लागतं. मुख्य सिस्टरनी मला समोर उभं करून सांगितलं, "आधीच्या ड्रायव्हरनं थंडीत फार दगा दिला. तुला हिवाळाभर बघणार. हिवाळा काढलास तर काम तुझं."

"हिवाळाच ना? काढते की," मी म्हटलं. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

मामंजींनी व्हॅनभोवती दोन फेऱ्या मारल्या. टायरला लाथ घातली. त्यांनी जन्मभर ट्रक चालवला, तोही खाली सपाटीवर, जिथे उन्हाळ्यात डांबर चपलेला चिकटतं. एप्रिलमध्ये आमच्याकडे वर डोंगरात राहायला आले. बोलणं मोजकं. कशाला चांगलं म्हणालेले मी अजून ऐकलेले नाहीत. 'ठीक' हे त्यांचं सगळ्यात मोठं बक्षीस, आणि तेही मला लग्नाला चौदा वर्षं झाली तरी मिळालेलं नाही. पण आज बॉनेट उघडून आत बघितलं आणि म्हणाले, "तेल मी घालणार."

स्वतः बाजारात चालत गेले आणि तेलाचा डबा तान्ह्या बाळासारखा कवेत घेऊन आले. "पन्नास नंबर," म्हणाले. "जाड आहे. जाड तेल म्हणजे इंजिनाला गादी. पातळ तेलावर गाडी चालवणं म्हणजे अनवाणी चालणं." मग या वयात गाडीखाली शिरले, जुनं तेल काढलं, नवं ओतलं. मला नरसाळ्याला हात लावू दिला नाही. शेवटी फडक्यानं हात पुसत म्हणाले, "पोटात तेल चांगलं असलं की गाडी दगा देत नाही."

एवढं लांब भाषण त्यांनी माझ्यासमोर पहिल्यांदाच केलं. ठीक म्हणाले नाहीत, पण तेल घातलं. मला फार बरं वाटलं.

बुधवार, १ नोव्हेंबर

पहिली फेरी झाली!

पेशंट दोन. एक टोपीवाले काका, डोक्यावरची टोपी मशीनवर झोपतानाही काढत नाहीत. दुसऱ्या आमच्या समोरच्याच घरातल्या बाई. शाळेत गणित शिकवायच्या म्हणून सगळे त्यांना गणितबाई म्हणतात. झोप येत नाही म्हणून चारपासून खिडकीत बसलेल्या असतात आणि खिडकी थेट आमच्या अंगणावर. उतरताना म्हणाल्या, "दहापैकी पाच. वळणावर एक कापला."

"नापास तर नाही ना?"

"काठावर पास."

काका म्हणाले, "मला मागच्या वर्षी त्या ड्रायव्हरच्या पायी दोनदा परत जावं लागलं. पाय असे सुजले की चपला मुलाच्या घातल्या." मी हसले. ते हसले नाहीत.

सोमवार, २० नोव्हेंबर

थंडी आली ती न सांगता सामान घेऊन आलेल्या पाहुण्यासारखी. सकाळी काचेवर बर्फाची साय. किल्ली फिरवली तर इंजिन 'घूं... घूं... घूं' करत राहिलं, जणू उठवल्याचा राग आलाय. चौथ्या वेळी लागलं. लागलं तेही वरून टक-टक-टक करत, कोणी आत बसून चमच्यानं डबा बडवतंय असं. जरा गरम झाल्यावर थांबलं.

पोचले वेळेत.

शुक्रवार, २४ नोव्हेंबर

सगळ्यांचे सल्ले घेतले. हे म्हणाले बॅटरी. टोपीवाले काका म्हणाले बॅटरी. बॅटरीच्या दुकानदाराला विचारलं, तो तर म्हणणारच बॅटरी. नवी घेतली.

मामंजींना विचारलं, "तुम्हाला काय वाटतं?" ते म्हणाले, "तेल तर चांगलंच आहे." मी म्हटलं, "तेलाचं कोण म्हणतंय? तेलाची मला काळजीच नाही, ते तुम्ही घातलंय." मान हलवली आणि पेपरात तोंड घातलं.

बुधवार, २९ नोव्हेंबर

नवी बॅटरी आणि जुनीच रडकथा. उणे सात होतं. घूं घूं घूं करून शेवटी कशीबशी लागली आणि टकटक तर गल्लीभर ऐकू गेली असेल. सहाला दोन मिनिटं असताना हॉस्पिटलच्या दारात. सिस्टर घड्याळ बघत उभ्या.

घरी परतले तर मामंजी अंगणात. म्हणाले, "सकाळी आवाज ऐकला." मी म्हटलं, "ऐकलात ना? आता सांगा कशाचा ते." तर ते आत निघून गेले. संध्याकाळपर्यंत गाडी पुन्हा गार झाली तेव्हा बॉनेट उघडून बसले. तेलाची पातळी बघायची ती पट्टी असते ना, ती बाहेर ओढली आणि आडवी धरून उभे राहिले. किती वेळ! मी खिडकीतून बघत होते. तेल पट्टीला चिकटून राहिलं होतं, थेंब म्हणून खाली पडेना. घट्ट झालेल्या मधासारखं. मला वाटलं, वा, काय तेल आहे, एक थेंब वाया जात नाही!

मी तसं बाहेर जाऊन म्हटलंही. "मामंजी, तेल एकदम झकास आहे हो. बघा ना, जागचं हलत नाही."

त्यांनी पट्टी पुसली, परत घातली, आत आले आणि जेवले नाहीत. पोट बिघडलं असेल. विचारलं तर म्हणाले, "भूक नाही."

शुक्रवार, १ डिसेंबर

लागली! एका फटक्यात! उणे आठ असताना!

यात माझी युक्ती आहे, लिहून ठेवते. किल्ली आधी अर्धी फिरवायची, परत आणायची, पुन्हा अर्धी, मग स्टिअरिंगवरून हात फिरवून "चल गं बाई माझी" म्हणायचं आणि मग पूर्ण फिरवायची. काल सहज सुचलं. आज केलं आणि घूं नाही की टकटक नाही. गाडीलाही माणसासारखं बोललेलं कळतं.

गणितबाई म्हणाल्या, "दहापैकी आठ."

बुधवार, ६ डिसेंबर

तीन फेऱ्या सलग, एका फटक्यात. हातगुण म्हणतात तो हाच. हॉस्पिटलच्या अँब्युलन्सवाल्यालाही युक्ती शिकवली. अर्धी, परत, अर्धी, हात फिरव, गोड बोल. तो म्हणाला, "ताई, आमच्या साहेबांनी मला गाडीशी बोलताना बघितलं तर दुसऱ्याच वॉर्डात भरती करतील."

घरातली भांडणं मात्र वाढली आहेत. एक: हे आता रात्री झोपताना स्वयंपाकघरातल्या शेगडीत चार चार ओंडके जास्त घालतात. इतकी वर्षं ज्या माणसाला शेगडीचं तोंड कुठे ते माहीत नव्हतं! विचारलं तर म्हणतात, "थंडी आहे." अहो, थंडी दरवर्षी असते. दोन: अंगणातल्या पाण्याच्या पिंपाखालच्या विटा कोणीतरी नेल्या, पिंप कलंडलंय. इथे विटाही चोरतात म्हणजे कमाल झाली. तीन: मामंजींनी पहाटे फिरायला जायचं खूळ घेतलंय. या थंडीत! प्रकृतीला चांगलं असतं म्हणे. फिरून येतात ते गुडघ्याला माती आणि मफलरला राख. मी म्हटलं, "फिरता की लोळता?" तर म्हणाले, "पाय घसरला."

सोमवार, ११ डिसेंबर

उणे दहा. एका फटक्यात. मी म्हटलं, "बाई, आज दहापैकी किती?"

"नऊ," गणितबाई म्हणाल्या. "पण त्यातले सात तुझे नाहीत."

"मग कोणाचे? गाडीचे?"

बाई खिडकीबाहेर बघत हसल्या. "तुझ्या हातगुणाला खोकला झालाय बघ. औषध दे."

वयाबरोबर माणूस काहीही बोलतं. मी कुठे खोकते?

रविवार, १७ डिसेंबर

सुट्टी. ह्यांना अंगणात व्हॅनशेजारी मामंजींबरोबर कुजबुजताना पकडलं. मला बघून दोघेही आकाशाकडे बघायला लागले. "काय चाललंय?" तर हे म्हणतात, "बर्फ पडेल का बघतोय." बापलेक कधी एकमेकांशी दोन वाक्यं धड बोलत नाहीत आणि आता आकाश बघायला जोडीनं उभे! काहीतरी शिजतंय. बहुतेक माझ्या वाढदिवसाचं. मी ओळखलं नाही असंच दाखवणार.

शुक्रवार, २२ डिसेंबर

उणे अकरा. लागली. टोपीवाले काका पहिल्यांदा गाडीत गुणगुणले. सिस्टर म्हणाल्या, "हिवाळा निम्मा काढलास गं." मी नुसती तरंगत घरी आले.

मामंजींचा खोकला वाढला आहे. फिरणं बंद करा म्हणून चांगलं फैलावर घेतलं. ऐकतील तर शपथ. सुंभ जळेल, पीळ जळायचा नाही.

बुधवार, २७ डिसेंबर

लागली. मामंजी संध्याकाळी तापले. तरी सकाळी फिरून आलेच होते!

शुक्रवार, २९ डिसेंबर

आजचा दिवस लिहूच नये असं वाटतं.

काल रात्रभर मामंजींच्या अंगात ताप फणफणत होता. हे त्यांच्या उशाशी, मी कपाळावर पट्ट्या ठेवत. पहाटे तशीच उठून गाडीत बसले. उणे तेरा. अर्धी, परत, अर्धी, हात फिरवला, गोड बोलले.

घूं.

एकदाच. मग तेही नाही.

पुन्हा गोड बोलले. मग तिखट बोलले. मग रडले. समोरून गणितबाई काठी टेकत आल्या, दार उघडून बसल्या. घरातून ह्यांना ओढून आणलं, ढकलून बघितली, काही नाही. शेवटी टॅक्सीला फोन केला. ती यायला वेळ, मग काकांना घ्यायला वेळ. पोचलो तेव्हा बाईंचं मशीन मिळालं, काकांचं दुसऱ्याला दिलेलं.

काका म्हणाले, "असू दे, पोरी. होतं." आणि टोपी काढली. दोन महिन्यांत पहिल्यांदा. डोक्यावरून हात फिरवला आणि परत घातली. त्यांना घरी सोडलं तेव्हा मला त्यांच्या पायांकडे बघवेना.

सिस्टर म्हणाल्या, "आणखी एकदा झालं तर मला दुसरी गाडी बघावी लागेल. तुझ्यावर राग नाही. पण त्यांना थांबता येत नाही."

त्या खरं तेच बोलल्या, म्हणून भांडताही आलं नाही.

घरी मामंजी तापातही जागे. "लागली का?" म्हणाले. मी म्हटलं, "नाही." त्यांनी डोळे मिटले आणि भिंतीकडे वळले. मी म्हटलं, "तुम्ही कशाला मनाला लावून घेता? माझाच हात गेला."

शनिवार, ३० डिसेंबर

काकांसाठी हॉस्पिटलात दिवसभर खेटे घातले. संध्याकाळी एक मशीन रिकामं मिळालं, टॅक्सीनं नेलं. आता बरे आहेत. मला म्हणाले, "सोमवारी येशील ना?" मी हो म्हटलं. कशाच्या जोरावर म्हटलं ते मला विचारू नका.

सोमवार, १ जानेवारी

सगळं नीट क्रमानं लिहिते.

पहाटे उठले तर मागचं दार उघडं. मामंजी आत येत होते, अंगात ह्यांचा स्वेटर, हातात चिमटा, थरथर कापत. ताप कालच जरा उतरलेला! मी ओरडलेच. "कुठे गेला होतात?"

"हवा बघायला."

"चिमटा घेऊन?"

त्यांना धरून पलंगावर घातलं, दोन पांघरुणं टाकली, आता उठलात तर दाराला कुलूप घालीन म्हटलं. मफलरही गळ्यात नव्हता. म्हटलं, कुठे टाकून आले कोण जाणे.

मग देवाचं नाव घेऊन गाडीत बसले. अर्धी, परत, अर्धी. गोड बोलायला तोंड उघडलं, तेवढ्यात हात आपोआप फिरला आणि... लागली! एका फटक्यात. घूं नाही, टकटक नाही. उणे बारा असताना! मी आनंदानं स्टिअरिंग बडवलं. आला, माझा हात परत आला!

गाडी मागे घेतली. दिव्यांचा उजेड पुढच्या जमिनीवर पडला.

तिथे पिंपाखालच्या दोन विटा होत्या. शेजारी शेजारी, बरोबर इंजिनाच्या पोटाखाली येतील अशा. त्यांच्यावर मामंजींचा मफलर गुंडाळलेला. आजूबाजूला सगळं अंगण बर्फानं पांढरं आणि त्या विटांभोवती तेवढी ओली काळी माती. मफलरमधून वाफ येत होती.

मी ब्रेक दाबून बसून राहिले. मग एकेक गोष्ट येऊन माझ्या डोक्यावर बसायला लागली. शेगडीतले ओंडके. राख. गुडघ्याची माती. खोकला. फिरायला जायचं खूळ. एक डिसेंबर! त्या दिवशी मला युक्ती सुचली आणि गाडी लागली. कावळा बसायला आणि फांदी मोडायला. आणि मी महिनाभर त्या कावळ्याची कीर्ती सांगत हिंडले. अँब्युलन्सवाल्याला शिकवलं!

गणितबाई दार उघडून बसल्या. विटांकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"तुम्हाला माहीत होतं?" मी म्हटलं.

"माझी खिडकी आहे ना इथेच. रोज विटा शेगडीत तापवून चिमट्यानं आणायचे, ठेवायचे, पुढून गोणपाट लावायचे, वाऱ्यानं थंड होऊ नये म्हणून. तू यायच्या आत सगळं उचलून आत. आज उचलायला जमलं नाही वाटतं."

"मग मला सांगितलं का नाहीत?"

"पहिल्याच दिवशी त्यांनी मला खिडकीत बघितलं. हात जोडले. या वयाच्या माणसानं हात जोडल्यावर मी काय चहाडी करणार?" मग म्हणाल्या, "आज दहापैकी दहा. पण तुला नाहीत."

दोघांना वेळेत पोचवलं. परत आल्यावर ह्यांना उठवलं, पांघरूण ओढूनच. "विटा!" एवढंच म्हटलं. हे उठून बसले आणि म्हणाले, "बाबांनी शपथ घातली होती." महिनाभर ताकास तूर लागू दिली नाही या माणसानं! घरात, गल्लीत सगळ्यांना माहीत, मी सोडून. काखेत कळसा आणि मी गावभर बॅटऱ्या शोधत.

"पण असं लपवून का?" मी विचारलं.

"ते मलाही सांगत नाहीत," हे म्हणाले. "नुसतं म्हणतात, माझ्यामुळे होतंय, मीच निस्तरणार."

त्यांच्यामुळे? मला काही कळलं नाही. थंडी काय त्यांनी आणली?

मंगळवार, २ जानेवारी

कळलं.

सकाळी व्हॅन घेऊन गॅरेजवालीकडे गेले. गावात नवी आली आहे, आवाज भोंग्यासारखा, कामाला वाघीण. सगळं सांगितलं, विटांसकट. तिनं तेलाची पट्टी ओढली, बोटावर तेल घेतलं, चोळलं आणि विचारलं, "कुठलं घातलंय?"

"पन्नास नंबर."

"आणि त्याच्या आधीचा आकडा? डब्यावर दोन असतात."

मला कुठे माहीत! तिनं फळीवरून तसाच डबा काढून दाखवला. आधी वीस, मग पन्नास. "मागचा आकडा गरम इंजिनाचा," ती म्हणाली. "पन्नास काही वाईट नाही. सपाटीवर, उन्हात, मीही हेच घालीन. पुढचा आकडा थंडीचा. तो जितका लहान तितकं तेल गारठ्यात वाहतं. इथे वीस चालत नाही. इथे पाच. नाहीतर शून्य."

तिच्या मागच्या अंगणात रात्रभर दोन बाटल्या राहिल्या होत्या. एक वीसची, एक पाचची. दोन्ही आडव्या केल्या. पाचचं तेल लगेच तोंडाशी आलं. वीसचं जागचं हलेना, रुसून बसलं. "आता हे तुझ्या इंजिनात आहे असं समज," ती म्हणाली. "स्टार्टरला ते ढवळता येत नाही म्हणून घूं घूं. बॅटरीही थंडीत अर्धमेली, ती किती जोर लावणार? आणि लागलं तरी तेल वर चढायला वेळ लागतो. तोवर वरचं लोखंड कोरडं. टकटक यायची ना?"

यायची. आणि ती कोण ऐकत होतं? मामंजी. जन्मभर ज्यांनी इंजिनाच्या आवाजावर ट्रक चालवला ते. मला त्या संध्याकाळची पट्टी आठवली. आडवी धरलेली, थेंब पडत नाही. त्यांना तेव्हाच सगळं कळलं होतं. आणि मी, शहाणी, बाहेर जाऊन काय म्हणाले? तेल एकदम झकास आहे हो! त्यांनी उभ्या आयुष्यात एक गोष्ट मला प्रेमानं दिली, तीच चुकीची निघाली, आणि वर मी तिचं कौतुक केलं. जेवले नाहीत ते उगीच नाही.

"कोण्या शहाण्यानं हे घातलं?" गॅरेजवालीनं विचारलं.

"मी," मी म्हटलं.

"तुला काय कळतं गं तेलातलं?"

"काही नाही. म्हणून तर."

ती तिथेच बदलून देत होती. मी नको म्हटलं. पाचचा डबाही तिच्याकडून घेतला नाही. तशीच घरी आले.

मामंजी पलंगावर उशीला टेकून बसले होते. ताप गेलेला. मफलर मी धुऊन शेगडीवर वाळत घातला होता, तो त्यांना दिसत होता. मीही त्याबद्दल काही बोलले नाही, तेही नाहीत. झाकली मूठ राहू दे म्हटलं.

"मामंजी," मी म्हटलं, "तेल बदलायला झालंय म्हणे. तेलाचं खातं तुमचं. काय आणू?"

त्यांनी मफलरकडे बघितलं. मग म्हणाले, "पातळ."

"पातळ? म्हणजे गाडी अनवाणी चालवू?" जीभ चावली मी. पण निघून गेलं होतं.

त्यांनी माझ्याकडे बघितलं. "जोडा पायापेक्षा जड झाला," म्हणाले, "की माणूस चालत नाही, बसून राहतो. माझं चुकलं, सूनबाई. खालचं शहाणपण मी वर घेऊन आलो. त्या टोपीवाल्या माणसाची पाळी माझ्यामुळे गेली."

सूनबाई म्हणाले. पण रडून दाखवेन तर मी कसली. म्हटलं, "तुमचं कशाला चुकेल? थंडीचं चुकलं. तिनं आधी विचारायला नको?"

मामंजी हसले. हसताना खोकला आला, खोकताना पुन्हा हसले. मी पाठ चोळत होते आणि माझेही डोळे पुसत होते. फडक्याला तेलाचा वास होता.

दुपारी ह्यांनी डबा आणला. आधी पाच, मग तीस. मामंजींनी चष्मा लावून दोन्ही आकडे वाचले, बोट ठेवून. मग पांघरूण गुंडाळून दारात खुर्चीवर बसले आणि हे गाडीखाली. "उजवीकडे फिरव. उजवीकडे म्हटलं की! तुझा उजवा कुठला रे?" गल्ली जमली. ओतायची वेळ आली तेव्हा मी नरसाळं त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते माझ्या हातात परत दिलं.

"तू घाल," म्हणाले.

बुधवार, ३ जानेवारी

उणे चौदा. या हिवाळ्यातली सगळ्यात थंड सकाळ.

मामंजींना काल रात्रीच बजावलं होतं, पहाटे पलंगावरून पाय खाली ठेवायचा नाही. तेल बदललंय, आता विटांचं काम नाही. "बरं," म्हणाले. इतक्या चटकन 'बरं' म्हणाले तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

किल्ली घेऊन बाहेर आले. अंगणातल्या बर्फात दारापासून व्हॅनपर्यंत आणि परत पावलं उमटलेली. मोठी, फताडी, उलटसुलट चपलांची. ह्यांची! आठच्या आत ज्यांनी कधी डोळा उघडला नाही त्यांची. घराच्या खिडकीला आतून वाफ धरली होती आणि तिच्यात कोणीतरी तळहातानं गोल पुसलेला, पलंगावरून व्हॅन दिसेल एवढा.

वाकून गाडीखाली बघितलं. काही नाही.

दार उघडून बसले आणि उडालेच. पायाशी ऊब! खाली हात घातला तर क्लचपाशी, जिथे माझे पाय रोज बर्फ होतात तिथे, एक वीट. मफलरमध्ये गुंडाळलेली, नीट गाठ मारून.

किल्ली फिरवली. सरळ, अर्धी-परत काही नाही. तेलानं आपलं काम केलं, गाडी पहिल्या फटक्यात लागली, टकटक नाही. मी मात्र लगेच निघाले नाही. त्या विटेवर पाय ठेवून जरा वेळ बसले. समोरच्या खिडकीतून गणितबाई दहाही बोटं दाखवत होत्या. माझ्याकडे नाही, आमच्या खिडकीकडे.

बाईंना, काकांना वेळेत नेलं. टोपी डोक्यावर, गुणगुणणं चालू.

परत आल्यावर वीट शेगडीपाशी ठेवली, मफलर खुंटीला अडकवला. मामंजी पेपर वाचत होते. पेपर उलटा होता.

"कशी होती गाडी?" पेपराआडून प्रश्न आला.

सांगायचं तर खूप होतं. पण त्यांच्याच घरातली सून ना मी. म्हटलं, "ठीक."

पेपर थोडा हलला. मग आतून आवाज आला, "तू पण."